सुरमईची गाबोळी

मंगळवार, जेवणं आटोपल्यावर. फुजैरा, यूएई.

संध्याकाळीही बाहेर पाय टाकवत नाही, इतकी उष्णता. सईच्या शाळेला सुट्टी, त्यामुळे आज परत टीव्हीवर अलास्कातली नदी, लाइव्ह. इथे सूर्य कलला की तिकडे उजाडतं. तपकिरी अस्वलं धबधब्यात उभी राहून सॅल्मन पकडतात. त्यातलं एक, पोट भरलेलं, माशाच्या पोटातली फक्त अंडी, म्हणजे गाबोळी, खात होतं आणि बाकीचा मासा पाण्यात सोडून देत होतं. "ममा, सो वेस्टफुल!" सई म्हणाली. मला चक्क हेवा वाटला. अस्वलाचा!

आमच्याकडे सुरमईची गाबोळी निखिलच्या ताटात जाते. आईही बाबांनाच वाढायची. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी लग्नानंतरची बारा वर्षं मी शेपटीकडचा तुकडा घेते.

सईच्या शाळेतल्या लॅबमध्ये मला नोकरी देऊ केलीय, उद्या दुपारपर्यंत हो-नाही कळवायचंय. निखिलला शनिवारी विचारलं, तर "बघू, इन्शाल्ला." मग तो विषयच नाही. पण मी तरी कशाला थांबलेय?

आज गाबोळी तळली आणि ओट्याशी उभ्यानेच सगळी खाल्ली. घाईत जीभ भाजली.

जेवताना निखिलने ताटात बघितलं. "आज गाबोळी नव्हती?"

नोकरीचं तीन दिवसांत आठवलं नाही, गाबोळीचं बरोबर आठवलं.

मी म्हटलं, "खराब निघाली."

खाल्ली म्हणायला काय झालं होतं मला? जीभ अजून चुरचुरतेय.