कावळा शिवेना

मु. चौके, ता. मालवण
माघ शुद्ध पंचमी

ती. जानकीमावशीच्या पायांवर मथुरेचं डोकं. (मनातल्या मनात ठेवलं आहे. खरं डोकं घोंगडीत आहे आणि घोंगडी माजघरात, म्हणजे आज मी जिथे असता कामा नये तिथे. कारण पुढे येईल.)

तुझे गुडघे कसे आहेत? रेडीच्या खाऱ्या वाऱ्यात ते थंडीचे दुखतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा 'बरे आहेत' असं नुसतं लिहू नकोस. काळी शेळी व्याली का? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. सासूबाई ठणठणीत आहेत. बाकीच्यांचं त्यामुळेच काही सांगता येत नाही.

तू प्रत्येक पत्रात 'काही विशेष?' म्हणून विचारतेस आणि मी प्रत्येक वेळी कोकमाच्या भावाबद्दल लिहिते. आज खरं लिहिते. मावशी, माझा कावळा हरवला. आषाढात शेवटचा शिवून गेला तो गेलाच. पिंडाला कावळा शिवला नाही तर मेलेल्याची इच्छा राहिली असं म्हणतात. जिवंत बाईला शिवला नाही तर सासूची राहते. रोज सकाळी चुलीपाशी पाय ठेवते न ठेवते तो सासूबाई विचारतात, "इलो काय गो कावळो?" पाहुण्याची सुद्धा इतकी वाट या घरात कुणी पाहिलेली नाही.

झालं कसं ते ऐक. इकडचे मुंबईला (नाव घेत नाही, तुला ठाऊक आहे). त्यांना खोली मिळावी आणि मला तिकडे जाता यावं म्हणून मी सोमवार धरला. त्यांची प्रकृती चांगली राहावी म्हणून शनिवार सासूबाईंनी माझ्याकडून धरवला. (प्रकृती त्यांच्या मुलाची, पोट माझं.) एकादशी आणि चतुर्थी घरात पहिल्यापासून, आणि चातुर्मासात वरून एकवेळ जेवण. जेवायचं कधी हे मला पंचांगात बघावं लागे. शेतातली लावणी, बेणणी, विहिरीचं पाणी आणि भात कांडणं यांना मात्र पंचांगात कुठेच सुट्टी नाही.

सुट्टी एकच होती, ती मागच्या पडवीत. आमच्या घरात देवाच्या पालखीचा मान आहे, त्यामुळे विटाळ इतका कडक, की बाहेर बसलेल्या बाईने कळशीकडे नुसतं बघितलं तरी सासूबाई कळशी ओतून टाकतात. माझी पाठवणी करताना तू रडत म्हणाली होतीस, पोरी, त्या घरात तुला त्या पडवीचा त्रास होईल. मावशी, या सासरात मला सुख कुणी दिलं असेल तर त्या पडवीनं. तिथे कुणी हाक मारत नाही. विमला, म्हणजे माझी थोरली जाऊ, दुरून पान वाढते. विटाळात उपास मोजला जात नाही म्हणून पान पुरं असतं, भात असतो, बांगडा असतो, आणि एकदा वाढलेलं कुणी परत नेऊ शकत नाही. तेव्हा कावळा गेला तो एकटा गेला नाही, माझं जेवण आणि झोप घेऊन गेला.

सुरुवातीला घरात आनंदीआनंद झाला. इकडचे आषाढ संपता संपता येऊन गेले होते, सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला आणि मला कळशी उचलू देईनात. त्या थोड्या दिवसांत मी इतकी लाडकी होते की मलाच संशय यायला लागला. मग पोट पुढे येण्याऐवजी आत जाऊ लागलं, तेव्हा मला मालवणला फेलिक्स डॉक्टरांकडे नेलं. ते प्रश्न मला विचारत होते आणि उत्तरं सासूबाई देत होत्या. (भूक लागते का? "मस्त लागता." झोप? "मेल्यासारखी झोपता.") शेवटी डॉक्टर त्यांनाच म्हणाले, "आये, हिच्या पोटात पोर नाय, आणि अन्न पण नाय. पोटभर जेवूक घाल, जरा बसान ऱ्हवांदे. गेलेला परत येतला." घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, बाटली दिली नाही तो डॉक्टर कसला, हे काम देवाचंच. आणि मला मंगळवारही धरायला लावला.

म्हणजे उपासाने गेलेल्या वस्तूसाठी मी उपास करत होते. हे मला कळत नव्हतं का? एका मंगळवारी घेरी येऊन विहिरीच्या काठावर बसले तेव्हा लख्ख कळलं. पण आमच्या घरात सुनेला कळून उपयोग नसतो.

पुढे कार्तिकात सासूबाईंनी देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं. आता ही गोष्ट देवळात उच्चारायची कशी? म्हणून गुरवाला मोघम सांगितलं, आणि तो भरल्या सभामंडपात ओरडला, "बा देवा म्हाराजा, ह्या घरात जा काय थांबला असात, ता पयल्यासारख्या चालू होवंदे रे म्हाराजा!" सगळा गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!" आणि मग सगळा गाव सासऱ्यांना विचारत सुटला, की भाई, तुमचं काय थांबलं? मी खांबाआड उभी होते. धरणी दुभंगावी असं सीतेला वाटलं होतं, पण तिच्यामागे निदान 'व्हय म्हाराजा' म्हणणारी माणसं नव्हती.

घरी येऊन सासूबाईंनी निकाल सांगितला. शिमग्याला मुलगा येईल, तोवर कावळा शिवला तर ठीक, नाही तर मथुरेला मावशीकडे कायमची पोचवायची. त्या हे ओरडून बोलल्या नाहीत, तांदूळ निवडता निवडता बोलल्या. मला फार भीती वाटली, मावशी. मला ते माणूस आवडतं. पावसात गळणारी का असेना, त्याच्याबरोबर एक खोली मला हवी आहे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "इलो काय गो कावळो?" मी रात्रीची उपाशी, समोर कांडायचा भात, आणि माझं तोंड म्हणालं, "इलो."

शपथेवर सांगते, मी ठरवलं नव्हतं. पण पुढचं सगळं आपोआप झालं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, मी पडवीत जाऊन गोणपाटावर पडले ती थेट दुसऱ्या दिवशी उठले. बाहेरच्या बाईचं धुणं तीच धुते, त्यामुळे पुराव्याची पंचाईत नव्हती. भीती फक्त देवाची होती, आणि पानात सुंगटांची आमटी आली की तीही कमी होई. देव पावला म्हणून मंगळवार सुटला. पौषात मी पुन्हा खोटी बसले, आणि अंगणात ओरडून सांगितलं. आठवड्यापूर्वी पुन्हा.

आणि काल विहिरीवर मला खराखुरा कावळा शिवला. कळशी खाली ठेवून मी ढसाढसा रडले, आनंदाने. आपलं शरीर आपल्यावर रुसून गेलं होतं ते परत दारात आलं, असं वाटलं. आणि डोळे पुसताना लक्षात आलं की आता सांगायचं कुणाला? आठवड्यात दोनदा बसणाऱ्या सुनेला रोग आहे असं म्हणतात आणि शिमग्याची वाट न पाहता पोचवतात. म्हणून पोटदुखीचं निमित्त करून घोंगडीत लपले आहे, भर माजघरात, देव्हाऱ्यापासून हातभर अंतरावर. खोटी होते तेव्हा पडवीत होते, आता खरी आहे तर देवाच्या मांडीवर. माझ्यासारखी करंटी तूच शोधून दाखव.

थोरांस नमस्कार, शेळीस चारा.

तुझी,
मथुरा

ता. क. – एवढा मजकूर लिहिला तो यासाठी: पत्र मिळताच तार कर, 'जानकी अत्यवस्थ, मथुरेस पाठवा.' तुला आजारी पाडते आहे, क्षमा कर. मी इतकी खोटी बसले, तू चार दिवस खोटी नीज.

ता. क. २ – पाकीट चिकटवायच्या आत विमला आली. घोंगडी वर करून माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मथुरे, तू खोटी बसतस ता माका पयल्याच खेपेक कळला. तू बसतस तेवा तुझ्या वाटणीचा पाणी आणि कांडाप कोण करता? मीच मगे. आता माझोय कावळो गेलो. खोटा बसतत कसा, ता माका शिकय गो." सासूबाईंना वाटतं आहे की तिला तिसरं राहिलं. तिला तसं वाटत नाही, दोन बाळंतपणं झाल्यावर बाईला एवढं कळतं. मला तिच्याकडे बघवेना. तिच्या गालांची हाडं मी आजवर पाहिलीच नव्हती.

ता. क. ३ (षष्ठी) – तार करू नकोस. विमला आज सकाळी पडवीत गेली. नैवेद्याचा स्वयंपाक मी केला, या अंगाने. खिरीला वास लागला नाही, दिवा विझला नाही, सासऱ्यांनी दोनदा मागून घेतली. मग विमलाचं पान मी दुरून वाढलं, भात दाबून वाढला आणि माझा बांगडाही तिलाच घातला. जेवून ती गोणपाटावर आडवी झाली. तिला दुपारची झोपलेली मी या घरात पहिल्यांदाच पाहिली.