मळ्यातल्या बंगल्यातली पहिली तालीम

प्रिय दिनकर,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुझ्या घरी ते दुसरंच कुणी उघडेल.

आपला बंगला वाचला. 'आपला' लिहून गेले, राहू दे. सॅमसन तो विकायला शिर्डीच्या हॉटेलवाल्याला होकार देऊन बसला होता. मी म्हटलं, "इंग्रज साहेबाच्या काळातलं घर पाडू नकोस. इथं नाटकवाले येऊन राहतील, तालमी करतील."

तो म्हणाला, "ताई, ही इच्छा तुझी की दिनकररावांची?"

मी व्हरांडा झाडायला घेतला. पुढं त्यानं आपणहून, बाबांकडून आलेला त्याचा हिस्सा माझ्या नावावर केला.

काल नगरहून पहिली मंडळी आली. त्यांची नायिका तापानं झोपून होती, म्हणून दिग्दर्शिका आरती म्हणाली, "एस्तेरताई, तेवढी वाक्यं वाचाल?"

तू पुण्याला गेल्यापासून मी नाटकातलं एक वाक्यही मोठ्यानं म्हटलं नव्हतं. समोरचा नट वळून थांबला. मी वाचलं, "आजचा दिवस राहा ना." नाटकात लिहिल्याप्रमाणे तो व्हरांड्यातून निघून गेला.

"छान. पुन्हा एकदा करू," आरती म्हणाली.

तो परत आत आला, आणि मी त्याला पुन्हा राहायला सांगितलं.

अजून श्रीरामपुरातच असलेली,
एस्तेर