डुलांचा खळगा

प्रिय ठकू,

हे पत्र गुरुवारच्या बोटीने पाठवतोय. शुक्रवारी तुझ्या हातात पडेल असं बोटवाला भोंगा म्हणतो. त्याच्या शब्दाचा आणि माझ्या गुडघ्यांचा भरवसा नाही, म्हणून त्याला दोनदा बजावणार आहे. सोमवारी तू मोजणीवाल्यांना घेऊन येशील, त्याच्या आत तू हे वाचायलाच हवंस. अक्षराला हसू नकोस. चौथीत शाळा सुटली आणि हात फावड्याला बसला तो बसलाच.

तुझा खोकला कसा आहे? धक्क्याची तिसरी पायरी शेवाळली आहे, उतरताना भिंतीकडून उतर. मी घासली, पण माझ्या घासण्यावर विसंबू नकोस. मोजणीवाल्यांनाही सांग. एखादा साहेब इथे आपटला तर तेही आपल्याच डोक्यावर यायचं.

यंदा बेटाचं काही खरं नव्हतं. थंडी लांबली. खारा वारा असा सुटला की कड्यावरच्या झाडाची, आपल्या रडकीची, समुद्राकडची पानं भाजल्यासारखी काळी पडली. लहानपणी तू तिच्याखाली उभी राहायचीस, धुकं असलं की तिच्या पानांवरून पाणी ठिबकायचं, म्हणून तूच तिला रडकी नाव ठेवलंस. आता अर्धीच उरली आहे. थंडी सरल्यावर दगडांच्या फटींत टाचण्यांच्या उशा म्हणतो ती गोल फुलं आली, गुलाबी, पण गेल्या वर्षीपेक्षा कमी. उन्हाळ्यात दलदल पार भेगाळली. आता तिच्या काठच्या गवताचे म्हातारे, ते कापसासारखे तुरे, पिकून पांढरे झालेत आणि वारा आला की सगळे एकदम माना हलवतात, मला नाही म्हणत असल्यासारखे. हे सगळं तुझ्या वहीत लिहिलंय. दीपगृहाचा दिवा आपोआप लागायला लागल्यापासून मला दुसरं काम तरी काय आहे? दर आठवड्याला फेरी मारायची, कुठे काय उगवलं, काय वाळलं ते मांडायचं. तू ते काम दिलंस तेव्हा या वयात मला बढती मिळाली असं मी भोंग्याला सांगत सुटलो होतो.

खळग्याबद्दल अजून लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

तुझी आई त्या खळग्यात पहिल्यांदा उतरली ती वाळत घातलेली चादर उडून गेली म्हणून. चादर राहिली बाजूला, ती फुलंच बघत बसली. पिवळी, देठाला लोंबणारी, वाऱ्यावर हलणारी. मला म्हणाली की हे डूल बरे, तुमच्याकडून काही यायचे नाहीत. खरंच नाही आले. दरवर्षी एक फूल तिच्या कानामागे असायचं. ती गेली त्या वर्षी मी खळग्याकडे फिरकलोच नाही. मग तू शिकलीस, डुलांचं लांबलचक खरं नाव घेऊन आलीस, आणि हे झाड आसपासच्या कुठल्याच बेटावर नाही असं सांगितलंस. मला वाटलं, बघ, तुझ्या आईची नजर.

आता खाणीचा रस्ता तिथून न्यायचा म्हणतात. डूल असतील तर रस्ता वळेल, नसतील तर सरळ जाईल. तू मोजणीवाल्यांसमोर उभी राहून म्हणालीस की एकवीस झाडं आहेत, माझ्या बाबांच्या वहीत आहेत. भोंग्याने मला हे कौतुकाने सांगितलं. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही.

तीन वर्षांपूर्वी तू खळग्याला तार ठोकलीस आणि बोटीत चढता चढता म्हणालीस, "बाबा, आत गवत माजू देऊ नका. काही कळलं नाही तर विचारा." मी कसा आहे ते तुला ठाऊक आहे. दार लावलं की नाही ते बघायला चारदा उठणारा माणूस. रोज सकाळी तारेखालून सरपटत आत जायचो आणि गुडघ्यांवर बसून एकेक पातं मुळासकट उपटायचो. तळ असा साफ ठेवला की न्हाव्यानेही मान डोलावली असती. फुललेलं झाड त्याच वर्षी वाळतं हे तू सांगितलं होतंस, त्यामुळे नऊ वाळले तेव्हा मी घाबरलो नाही. बाराचे चार झाले तेव्हा घाबरलो. नवे येतील म्हणून वहीत एकवीसच लिहीत राहिलो. नंतर तुझं पत्र आलं, डूल टिकले म्हणून तू किती खूश होतीस, आणि मग तो आकडा खोडायला माझा हात उठला नाही. उरलेले चार यंदाच्या उन्हाळ्यात फुलून गेले.

मागच्या महिन्यात तू चित्राचा कागद पाठवलास. मी बोट ठेवून वाचला. डुलाचं रोप पहिली तीन वर्षं गवतासारखंच दिसतं, फक्त बुडाशी तांबडं असतं. ठकू, तो तांबडा रंग मी तीन वर्षं नखांतून धुतोय. काही कळलं नाही तर विचारा म्हणाली होतीस. मी विचारलं नाही. गवत उपटायचं कसं हेसुद्धा विचारतो, इतका अडाणी बाप कसा दिसू?

खळग्यात आता एकही डूल नाही. थंडीत समुद्राचं पाणी तारेपर्यंत आलं होतं, त्याच्यावर ढकलता आलं असतं. भोंग्यानेही पाणी पाहिलंय, त्याने साक्ष दिली असती, आणि तू विश्वास ठेवला असतास. म्हणूनच नाही ढकललं. माझ्या वहीवर सही करू नकोस, एवढ्यासाठी हे लिहिलंय. मोजणीवाल्यांना खरं तूच आधी सांग, माझं नाव घेऊन सांग. रस्ता गेला तर जाईल, पण त्यांच्यासमोर खाली बघायची वेळ तुझ्यावर यायला नको. आणखी एक. उपटलेलं सगळं मी भिंतीमागे उतारावर टाकायचो. परवा तिथे दोन पाती दिसली, मूळ धरलेली. बुडाशी तांबडी आहेत असं वाटतं, पण उन्हामुळेही तसं दिसत असेल. माझ्या डोळ्यांच्या भरवशावर मी आता काही लिहून देणार नाही. रोज तिथे जातो आणि हात पाठीमागे धरून उभा राहतो. गवत आहे की डूल, ते तू येऊन बघ.

तुझाच,
वही लिहिणारा बाबा