मंजूच्या गाडीले बांधलेला लिंबू

अमेरिका, जून २००८

सौ. सत्यभामा,

आशीर्वाद. मी अन् मंजू खुशाल हाओत. तुह्या गुडघ्याले आराम पडला का?

आपली पोरगी बिनाड्रायव्हरच्या गाडीची परीक्षा घेते, अन् तिच्यातच बसते. आपण कुठं हाओत, हे ते गाडी रस्त्यावरच्या वायरलेस खांबाईले इचारते. छतावरच्या अँटेनातून तिले जवाब येते म्हणे. उकव्याच्या घाटात जन्मभर जीप चालवली मी, मले काही भरवसा वाटत नाही.

म्हणून गुपचूप त्या अँटेनाले लोखंडी तारेनं लिंबू-मिरची बांधली. तं गाडी सीधी फुटपाथवर चढली! कोणाले लागलं नाही.

मंजू अजून बिघाड शोधून राह्यली. मी लिंबू काढला, गाडी सुधरली. तिले सांगू नोको.

पण जे गाडी लिंबानं वाट चुकते, तिच्यात पोरगी बसू द्याची का?

महागू