भजनाची पेटी कोणी नेली

प्रिय यशू, आमच्या घरच्या फौजदारीणबाई,

तुझा फोन आला आणि मी मस्कतला, रुवीच्या भर रस्त्यात, टॅक्सीवाल्यांच्या हॉर्नमध्ये, खुळ्यासारखा हसत उभा राहिलो. तू आणि बंटी. कधी जमवलंत गो हे? मी समजत होतो, तू त्याच्या आईकडे शिवण शिकायला जातेस. दोन वर्षांत एक ब्लाउज धड का झाला नाही, ते आता कळलं. मला इतका आनंद झाला की वादी अदाईच्या खोलीवर सगळ्यांना ओमानी हलवा चारला. आमच्या खोलीतल्या तानाजीला वाटलं, माझंच लग्न ठरलं. मी म्हटलं, त्याहून भारी आहे, बहीण माझ्या जिवलग मित्राच्या घरी चाललीय.

पण मग तू पुढचं सांगितलंस. बंटीची आई मागणी घालायला आली, तर बाबांनी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. भजनाची पेटी चोरणाऱ्याला मुलगी देणार नाही म्हणाले. तू रडायला लागलीस आणि मी रेंज नाही सांगून फोन ठेवला. रेंज चांगली होती.

इकडचं म्हणशील तर झकास चाललंय. मागच्या महिन्यात खाबुऱ्याला एका अर्बाबच्या, म्हणजे इथल्या अरब शेठच्या, घरी एसी बसवायला गेलो होतो. हा शेठ अख्खं घर माझ्यावर सोडून मस्कतला निघून गेला, कपाटंसुद्धा उघडी. आधी मला गंमत वाटली, मग उठून एकेक कपाट लावून घेतलं. इथे जुगाराला बंदी, कॅसिनो औषधालाही सापडायचा नाही. मी पाच वर्षं सरळ राहिलो त्यात निम्मी करामत त्या बंदीची आहे, उगाच माझी पाठ थोपटू नकोस. शुक्रवारी खोलीवर भजन असतं. शेजारचा मुजम्मिल ऐकायला म्हणून येतो आणि आमच्यापेक्षा नेमका ठेका धरतो, तेव्हा तानाजीचं तोंड बघण्यासारखं होतं.

आपल्या पट्ट्यातल्या पोरांना मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींची चटक लागली ती वर्षं आठवतात ना तुला? हद्द ओलांडली की गोवा, मोटारसायकलवर दीड तासात पणजी. त्याच सुमाराला कुणाच्या विहिरीवरचा पंप गेला, कुणाच्या न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण गेलं, दोन गाड्या गेल्या. मग देवळातून पेटी गेली आणि गावकऱ्यांनी देवीला कौल लावला. चोर गावातला की बाहेरचा, एवढंच विचारलं. देवीने गावातला म्हणून सांगितलं. नाव तिने घेतलं नव्हतं, ते माणसांनी चिकटवलं. गावात कॅसिनोवाला एकच, बोटीच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारा बंटी. झालं, त्याला भजनात बसू देईनात. अगो, पण तिथे भांडी घासणारा महिन्याला पगार घेऊन घरी येतो. चोरी करायची पाळी येते ती तिथे खेळायला जाणाऱ्यावर. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण खेळायला जाणारी पोरं चांगल्या घरातली होती. आपल्यासारख्या.

पेटी मी नेली, यशू. भर दुपारी, घरी बाबा जेवून लवंडले होते आणि देऊळ उघडंच होतं. म्हापशाला विकली आणि तसाच पणजीला गेलो. पहिल्या खेपेला जिंकलो होतो ना, तिथेच माझा घात झाला होता. संध्याकाळी धक्क्यावर मी बोटीत चढत होतो आणि बंटी कामावरून उतरत होता, माझ्या समोरच आला. दुसऱ्या दिवशी गावात बोंब झाली तेव्हा त्याला सगळं कळलं असणार. त्याने शिव्या खाल्ल्या आणि माझं नाव काढलं नाही. मी मात्र दोन महिन्यांत व्हिसा काढून इकडे पळालो, आणि गावाने कर्तबगार म्हणून नारळ देऊन माझा सत्कार केला. फोनवर सांगितलं तर बाबा म्हणतील, बहिणीसाठी खोटं बोलतोय. म्हणून हा कागद, खाली सही केलेला, सुट्टीवर येणाऱ्या तानाजीच्या हाती पाठवतोय. आधी बाबांना दे, मग देवळात सगळ्या गावकऱ्यांसमोर वाच, आणि मोठ्याने वाच, पुटपुटू नकोस. नवी पेटी सावंतवाडीत सांगून ठेवली आहे. मी लग्नाला येणार. बाबांनी मांडवात घेतलं नाही तर रस्त्यावर बसून जेवीन, पण जेवणार. इतकी वर्षं मी समजत होतो, बंटी दोस्तीखातर गप्प राहिला. तुझा फोन आला तेव्हा कळलं, तो दोस्ताला नाही, यशूच्या भावाला वाचवत होता.

तुझाच, इतक्या वर्षांनी हलका झालेला,
उत्तमदादा