बाटलीत काय होतं, एवढंच सांगा

कोऱ्हाळे बुद्रुक,
मंगळवार

प्रिय सोनम,

अक्षर बघून पत्र फाडू नकोस. हात तुझ्या नवऱ्याचा असला तरी तोंड माझं आहे. माझी पत्रं लिहून देणारी नात स्वरूपा परीक्षेला गेलीय, त्यामुळं लिहायला घरात हाच एक नातू उरला. मी 'हाय' म्हटलं की इंद्रजित 'आहे' लिहितो, म्हणून आज तुझी आज्जेसासू जरा शिकलेली वाटेल. घटकाभर सोसून घे.

अगं, छकुलीचा व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला! कोंबड्यामागं पळते काय, पडते काय, आणि उठून त्या कोंबड्यालाच दम देते काय! माझी पणती शोभते. शेजारच्या गेणबाला बळंच दोनदा दाखवला. इंद्रजित म्हणाला, आज्जी, बॅटरी संपंल. म्हटलं संपू दे. तोही माझ्या खांद्यावरून बघत होता. हे वाक्य तो गाळत होता, दम दिल्यावर लिहिलं.

महिन्यापूर्वी हेच लेकरू कसं होतं, आठव. ओट्याखालची थंड पेयाची बाटली तोंडाला लावली, एकच घोट, आणि लाळ काय, घाम काय, मान टाकलीन. बारामतीच्या दवाखान्यात शिरलो तेव्हा तुझ्या पायात चप्पल नव्हती आणि माझा पदर कुठं होता ते मलाच ठाऊक नाही.

मला वाटलं, आता आपल्याला दाराबाहेर काढतील. पण ती जयवंता सिस्टर! तुला म्हणाली, बाहेर नका जाऊ ताई, हितं उभ्या राहा, पाय धरा, नावानं हाका मारा, तिला आईचा आवाज पायजे. डॉक्टर काही करायचे त्याआधी ती तुला सांगायची, आता सुई टोचणार, आता नळी घालणार, रडली तर चांगलंच आहे. तुझा हात तिनंच उचलून छकुलीच्या पायावर ठेवला. मला स्टूल दिलं, पाणी दिलं. आणि हा इंद्रजित तुझ्यावर ओरडायला लागला, लेकराकडं लक्ष नाही म्हणून, तेव्हा त्याच्या कोपराला धरून ती हळूच म्हणाली, दादा, तुमचा आवाज तिला ऐकू जातोय, ओरडू नका, तिच्याशी बोला. एवढा सहा फुटी गडी, लेकीच्या कानाशी चिऊकाऊची गोष्ट सांगायला लागला! लिही रे, लाजतोस काय.

पण घरी आल्यावर ती सिस्टर नव्हती ना. त्या दिवशी ओटा तू आवरला होतास, म्हणून बाटली तुझ्या माथी आली. मी ठेवली नाही, असं तू दोनदा म्हणालीस. तिसऱ्यांदा म्हणाली नाहीस. छकुलीला कडेवर घेतलंस आणि इंदापूरला आईकडं निघून गेलीस. मी पडवीत बसून बघत होते. एरवी गावाला ऐकू जाणारं माझं तोंड, त्या दिवशी मिटलेलं.

आता इंद्रजित, पेन खाली ठेवायचं नाही. बोलते तसंच लिही. सोनम, बाटली मी भरली होती. माझ्या वांग्यांवर माव्याची कीड पडली होती. लेकरू वांगी खातं म्हणून तू त्यावर फवारू देत नव्हतीस. मग शेजारच्या मळ्यातल्या दत्तोबाच्या शेडमधून फवारणीचं औषध मागून आणलं, बाटलीत ओतलं आणि तुला दिसू नये म्हणून ओट्याखाली सारलं. दवाखान्यात जो तो विचारत होता, कुणी ठेवली, कुणी ठेवली. सिस्टर मात्र मला बाजूला घेऊन माझ्यापुढं उकिडवी बसली. म्हणाली, आज्जी, कुणी ठेवली ते मला नको. बाटलीत काय होतं, एवढंच सांगा. म्हटलं, बाई, मला अक्षर येत नाही. ती हसली नाही. मोबाईलवर औषधाच्या डब्यांची चित्रं एकेक करून दाखवली. मी एका डब्यावर बोट ठेवलं आणि ती पळाली. त्यावर डॉक्टरांनी बरोबर इंजेक्शन दिलं. घरी सोडताना तिनं मला विचारलंही, घरच्यांना सांगताना मी सोबत बसू का? मी ताठ्यात नको म्हटलं. खरं सांगू? छकुलीला पुन्हा माझ्या मांडीवर कुणी देणार नाही, याची भीती वाटली. म्हणून तुला दोषी राहू दिलं. चुकलं गं पोरी.

याचा हात थांबलाय. थांबू दे.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी इंदापूरला येतेय. हा म्हणतो, गाडी काढतो, मीही येतो. दार उघडायचं की नाही, ते तुझं. छकुलीला माझ्याकडं द्यायचं की नाही, तेही तुझं. पण बाटली सोनमनं ठेवली नव्हती, हे तुझ्या आईवडिलांसमोर मी मोठ्यानं बोलणार आहे, आणि हा शेजारी उभा राहून ऐकणार आहे. पुढं काय बोलायचं ते त्याचं त्यानं बघावं. ते मी सांगून लिहून घेणार नाही.

तुझीच, जीभ उशिरा सुटलेली,
सरुबाई

(अंगठा माझा. मधे शाई फुटलीय, ते पाणी माझ्या डोळ्यातलं नव्हे.)