मागच्या खोलीत कुलुपाचे कपाट मिळणेबाबत

प्रति,
मा. युवक कल्याण अधिकारी,
वस्ती केंद्र विभाग.

विषय : वस्ती केंद्राच्या मागच्या खोलीत, पुढच्या खोलीत आहे तसेच, कुलुपाचे कपाट मिळणेबाबत.

संदर्भ : पुढच्या खोलीतील कार्यकर्त्याची बदली करावी, असा अर्जदाराचा मागील अर्ज (उत्तर आलेले नाही).

महोदय,

आपण वयाने तरुण आहात, म्हणून एक विनंती. पुढे वाचण्याआधी अशी कल्पना करा, की आपण दहा वर्षांचे आहात, पाठीला दप्तर आहे आणि वस्ती केंद्राच्या दारात उभे आहात. पुढच्या खोलीतून टेबल टेनिसचा आवाज आणि हसणे ऐकू येते. मागच्या खोलीत फळा आहे आणि अपूर्णांक आहेत. आपण कुठे शिराल? अर्जदारास उत्तर ठाऊक आहे. निवृत्तीनंतर मागच्या खोलीत विनामूल्य वर्ग घेणारा शिक्षक म्हणजे हाच अर्जदार.

१. तरुण मुलांमधला गोळीबार थांबावा म्हणून आपल्या कार्यालयाने पुढच्या खोलीत एक गृहस्थ नेमले आहेत. मुले त्यांना ‘मामा’ म्हणतात. अर्जदारास आजवर ‘सर’ याखेरीज कोणी काही म्हटलेले नाही. मामांना तरुणपणी अशाच भांडणात पायाला गोळी लागली होती. ते पँट वर करून व्रण दाखवतात, मुले गर्दी करतात. अर्जदाराचाही गुडघा दुखतो, पण तो पाहायला कोणी मागत नाही. हल्ली तर वर्गातली मुले फळ्यापर्यंत मामांसारखी लंगडत येतात.

२. मामांची पद्धत अशी, की एखादा मुलगा सूड घ्यायला पेटला, तर ते त्याच्या घराच्या पायरीवर जाऊन बसतात. तो निघाला की म्हणतात, “चल, मीही येतो. पण हळू चाल बाबा, पाय साथ देत नाही.” मुलगा हळू चालतो आणि चालता चालता निवळतो. पद्धत वाईट आहे असे अर्जदाराचे म्हणणे नाही. फक्त तिचे कौतुक जरा जास्तच होते.

३. मामांच्या खोलीत कुलुपाचे कपाट आहे. कोणीही हत्यार आणून द्यावे. कोणाचे, कुठले, हे विचारायचे नाही, घरी कळवायचे नाही, असा आपल्याच कार्यालयाचा नियम आहे. मागच्या खोलीत मात्र अर्जदाराचा जुना नियम चालतो: वर्गात नको ती वस्तू दिसली की जप्त करायची आणि घरी चिठ्ठी पाठवायची.

४. अर्जदाराच्या वर्गात एक किडकिडीत मुलगी आहे. सगळे तिला ‘पेन्सिल’ म्हणतात. तिच्या थोरल्या भावाच्या मित्रावर गोळी झाडली गेली, तेव्हापासून भाऊ बदल्याची भाषा करत होता. मामा त्याच्या पायरीवर बसतच होते. एके दिवशी पेन्सिलने भावाच्या गादीखालचे पिस्तूल दप्तरात घातले, अख्खा तास अपूर्णांक सोडवले आणि वर्ग सुटल्यावर ते मामांना नेऊन दिले.

अर्जदारास हे फार लागले. तो पुढच्या खोलीत गेला आणि सर्वांदेखत म्हणाला, “पेन्सिल, तासभर ते दप्तर माझ्या टेबलाला टेकलेलं होतं. मला का नाही दिलंस?”

ती म्हणाली, “सर, तुम्ही घरी चिठ्ठी पाठवता. आमच्या घरी चिठ्ठी दादाच वाचतो.”

मामा हळूच म्हणाले, “बसा सर, चहा घ्या.” अर्जदाराने चहा घेतला नाही.

५. दुसऱ्या दिवशी पेन्सिल लवकर आली. मामांचे दार उघडे होते, मामा आत होते आणि त्यांनी “ये गं पेन्सिल” अशी हाकही मारली, ही बाब अर्जदार मुद्दाम नमूद करतो. ती “नंतर येते” म्हणून सरळ मागच्या खोलीत आली आणि अर्जदाराच्या टेबलावर कंपासपेटी उघडून ठेवली. आत काडतुसे होती.

“दादाच्या बुटात होती. सर, चिठ्ठी नका लिहू.”

अर्जदाराने पेनाला टोपण लावले. कपाट नसल्याने काडतुसे खडूच्या डब्यात घातली आणि डबा मांडीवर धरून सबंध तास बसून शिकवले. फळ्यापाशी जायला उठता आले नाही. वर्ग सुटल्यावर काडतुसे नाइलाजाने मामांच्या कपाटात जमा केली. मामा “वा सर!” म्हणाले. त्या दिवशी चहा घेतला.

तरी विनंती, की मागच्या खोलीस कुलुपाचे कपाट द्यावे, ते मामांच्या कपाटापेक्षा लहान नसावे आणि न विचारण्याचा नियम तेथेही लागू करावा. चिठ्ठ्या अर्जदाराने बंद केल्या आहेत. बदलीचा मागील अर्ज तूर्त बाजूला ठेवावा, कारण पेन्सिलच्या भावाचे मामांबरोबर फिरणे अजून चालू आहे. तो अर्ज मागे घेतलेला नाही.

त्या दिवशी काडतुसे डब्यात गेल्यावर पेन्सिलने काय केले, एवढे सांगायचे राहिले. तिने रिकामी कंपासपेटी बाहीने आतून पुसली, दप्तरातून कंपास, पट्टी आणि खोडरबर काढून ज्याच्या त्याच्या जागी ठेवले, नेहमीचा मागचा बाक सोडून पहिल्या बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, “सर, आधी छेद सारखे करायचे ना?”

आपला, वयाने थोर तरी नम्र,
(सही)
मागच्या खोलीतील शिक्षक

दिनांक : सोमवार, वर्ग सुटल्यावर

सोबत : मागच्या खोलीचा हाताने काढलेला नकाशा (कपाटाची जागा खुणेने दाखवली आहे).